धोक्याचं भाडं

माल तीन हजार आठशेचा.
धोक्याचं भाडं अकरा हजार दोनशे, वर कर.
सहारच्या कार्गोत सत्तावीस वर्षं फॉर्म भरतोय मी,
तरी हा आकडा वाचून दाखवताना
घसा खाकरावा लागतो.

चुनावाला ऐकून घेतात. फोर्टातलं दुकान त्यांचं,
काचेच्या कपाटात बंदुका तीन, बाकी फायली.
"नाचणकर, खोकं केवढं?"
मी हाताने दाखवतो : पेढे, अर्धा किलो.
"ट्रकने?"
ट्रकवाला 'बंदूक' हा शब्द ऐकूनच फोन ठेवतो.

आत टिकल्या.
दिवाळीत पोरं दगडाने फोडतात त्यांच्या चुलतबहिणी,
पितळेच्या, सुक्या वाटाण्याएवढ्या.
पोरांच्या टिकल्या मशीद बंदरला पुड्याने मिळतात,
विकणारा विडी ओढत बसलेला असतो.
ह्यांना मात्र कोपऱ्यावर उभी नारिंगी चौकट,
वर्ग एक दशांश चार,
लाल तिरप्या रेघांचा कागद, प्रती तीन,
आणि खाडाखोड चालत नाही.

एक टिकली पाठवा की हजार, भाडं तेच.
म्हणून ग्रेटाबाई तुस्कानोंनी भिशी काढली.
मूळच्या वसईच्या, आता नागपुरात.
पाच नेमबाज, सगळ्यात तरुण अठ्ठावन्नचा,
शनिवारी मातीच्या तबकड्या फोडणारे
आणि नंतर कंबर धरून
उडालेली नळकांडी वेचणारे,
पुसून पुन्हा भरून घ्यायला.
बाई बँकेत होत्या. वाया काही जाऊ देत नाहीत.

पण परवाना ज्याच्या नावाचा, माल त्याचाच.
पाचांत वाटता येत नाही.
भाडं म्हणतं, एकत्र या.
कायदा म्हणतो, एकेकटे या.
"लुटताय," बाई म्हणाल्या.
विमान कंपनीला म्हणाल्या, पण फोन माझ्या कानाला होता.

काय सांगणार त्यांना?
आईचे काका, भिकाकाका,
चव्वेचाळीस साली व्हिक्टोरिया डॉकात कापसाच्या गासड्या मोजायचे.
एकाच जहाजात कापूस, दारूगोळा
आणि सोन्याच्या विटा.
चौदा एप्रिलच्या दुपारी ते भायखळ्याला
दाढ काढायला गेले होते, म्हणून उरले.
विटा कुणाच्या घरात पडल्या ते सगळी मुंबई सांगते.
भिकाकाका एकच सांगायचे, कुणी न विचारता,
जेवताना, बारशाला, रेडिओवर बातम्या चालू असताना :
"लाल बावटा लावला नव्हता हो."

हे ऐकून बाई म्हणाल्या असत्या,
त्याचे पैसे मी का भरू?
आणि बरोबरच होतं त्यांचं.
अकरा हजार दोनशेतला किती रुपया बावट्याला जातो
हे मला बिल वाचूनही कळलेलं नाही.
हाताळणी, साठवण, तपासणी, इतर.
'इतर' सगळ्यात मोठं.

शेवटी चुनावालांनी निम्मे घातले,
"वहीत लिहा" म्हणाले, म्हणजे विसरा.
बाकी चौघांनी परवान्याचे अर्ज टाकलेत,
उत्तर येईल तोवर त्यांचे चष्मे बदलतील.
खोकं एकट्या ग्रेटाबाईंच्या नावाने निघालं.

लेबल मी स्वतः चिकटवलं.
अंगठ्याने कोपरे दाबले, बुडबुडा राहू नये म्हणून
दोनदा.
मग कागदावरची ती ओळ :
प्रवासी विमान, फक्त मालवाहू विमान;
लागू नसेल ते खोडा.
ह्या कागदावर खोडायची मुभा तेवढ्या एका जागी.
नियमाप्रमाणे एवढंसं खोकं
प्रवाशांच्या पायांखालून जाऊ शकतं.
पेन उघडून मी जरा थांबलो.
भिकाकाकांनी विचारलं असतं,
वर काय आहे?

वर माणसं. कुणी उपमा खात असेल,
कुणी पट्टा न लावता झोपलेलं.

पट्टी ठेवली, रेघ मारली, सही केली.
सहीखाली नाव सुवाच्य अक्षरात लिहायचं असतं.
ते लिहिलं.